आका मिस्त्री आणि आडवा फिल्टर

“काटा काय म्हणतोय?”

आकाराम मिस्त्री कुणालाही भेटले की पहिलं हेच विचारायचे. राम राम नाही, जेवलास का नाही. लग्नाच्या मांडवात भेटोत, नाहीतर मयताहून परतताना वाटेत. परक्या माणसाला वाटायचं, ह्यांचं डोकं फिरलंय. आम्हा कारवंदवाडीच्या लोकांना मात्र ते बरोबर कळायचं, कारण आमचं सगळं येणंजाणं त्या एका काट्यावर चालत होतं.

आमच्या गावाच्या लाँचीला सुकाणूशेजारी वाटीएवढं एक घड्याळ आहे. वेळेचं नाही, इंजिनातल्या तेलाच्या दाबाचं. इंजिन चालू झालं की त्यातला काटा उठून उभा राहिला पाहिजे. तो आडवा पडून राहिला तर समजायचं, इंजिनाच्या अंगात तेल फिरत नाही. तेल फिरलं नाही की आतलं लोखंड लोखंडाला खातं, आणि खाता खाता एका क्षणी सगळं जाम होतं. जमिनीवर गाडी बंद पडली तर माणूस उतरून चालू लागतो. कोयनेच्या धरणाचं पाणी आमच्या गावासमोर दीड कोस रुंद आहे, आणि गावाच्या जुन्या देवळाचा कळस त्या पाण्याखाली आहे. तिथं उतरून जाणार कुठं?

मिस्त्री आमच्या मुलखातले नव्हते. जत तालुक्यातल्या कोरड्या माळावरचे, बंडगर आडनावाचे धनगर. त्यांचा बाप आठ महिने मेंढरांमागं फिरायचा आणि चार महिने आभाळाकडं बघत बसायचा. पिण्याचं पाणी टँकरनं यायचं. आका सतराव्या वर्षी मेंढरं भावाच्या हवाली करून कुपवाडला आले, एका इंजिनाच्या वर्कशॉपात झाडू मारायला लागले आणि बावीस वर्षांनी तिथले पहिल्या नंबरचे मिस्त्री झाले. आमच्या लाँचीचं इंजिन त्याच वर्कशॉपात दुरुस्तीला गेलं होतं. ते परत बसवायला म्हणून ते इंजिनाबरोबर टेम्पोतून आले. काम आठ दिवसांचं होतं. एकोणीस वर्षं राहिले.

आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

हे मी मुद्दाम सांगतो. मी तानाजी, ह्याच लाँचीवर दोर टाकायचं आणि माणसं हात धरून चढवायचं काम करतो. एकोणीस वर्षांत मिस्त्रींनी पाण्यात गुडघ्याच्या वर पाय घातलेला मी पाहिला नाही. लाँच निघाली की ते पाण्याकडं बघतच नसत. काट्याकडं बघत. आम्ही थट्टा करायचो, “मिस्त्री, समोर काय हाय ते तरी बघा की!” ते म्हणायचे, “समूरचं तू बघ. तुला पोहता येतंय.”

त्यांचं सगळं आयुष्य सांगायला बसलो तर पाणी आटेल. मी त्यातले दहा-बारा दिवस सांगतो. माणूस तेवढ्यात दिसतो.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडं विळा, कोयता, नांगर, गिरणी, जे जे हाताला भाकरी देतं ते धुऊनपुसून पुजतात. लाँचीचंही इंजिन पुजतात. त्या साली मला उत्साह आला. घराच्या दरवाजाला आणलेला तांबडा ऑइलपेंट अर्धा डबा उरला होता. मी इंजिन रंगवलं. नुसतं इंजिन नाही, त्याच्या कुशीला जो डब्यासारखा तेलाचा फिल्टर असतो, तोही रंगवला. दोन हात दिले. वर हळदकुंकू, झेंडूचा हार. नवरीसारखं दिसत होतं इंजिन. मिस्त्रींनी पाहिलं आणि म्हणाले, “रंगाचा हात चांगला हाय तुझा.”

त्या फिल्टरवर त्याचा नंबर छापलेला होता. तो माझ्या रंगाखाली गेला.

तसे फिल्टर इंजिनाबरोबर वर्कशॉपातून खोकंभर आले होते आणि पुढंही तिथूनच येत. वर्कशॉपचा मालक वारला, वर्कशॉप बंद झालं, तरी खोकं पुरलं. हा त्यातला शेवटचा. खोकं वाळवीनं खाल्लेलं. मिस्त्रींनी नंबर कधी लिहून ठेवला नव्हता. त्यांच्या बोटांना तो फिल्टर ठाऊक होता, आणि बोटांना ठाऊक असलेली गोष्ट माणूस लिहून ठेवत नाही.

दसरा होऊन दिवाळी आली आणि तेल बदलायची वेळ झाली. मिस्त्रींनी फिल्टर काढला. मी म्हटलं, थांबा, रंग काढून देतो. रॉकेलच्या चिंधीनं घासला. रंग निघाला. नंबरही निघाला. चिंधीवर तांबड्यात थोडं काळं दिसलं, तेवढाच तो नंबर.

मिस्त्री चिडले नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं. चिंधी हातात घेऊन त्यांनी उजेडात धरली, वाचता येतंय का बघितलं आणि घडी करून खिशात ठेवली.

त्यांचा भाचा बिरदेव तासगावात ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. त्याला फोटो पाठवला, आट्यांचं माप सांगितलं. तिसऱ्या दिवशी एसटीच्या पार्सलनं फिल्टर आला. आटे जुळले, रबरी वायसर नीट बसलं. मिस्त्रींची एक सवय होती. नवा फिल्टर बसवण्याआधी ते त्याच्या भोकांना तोंड लावून एकदा फुंकायचे आणि एकदा ओढायचे. त्या दिवशी आमच्या लाँच समितीचे अध्यक्ष वीरधवलदादा डोक्यावर उभे होते. दिवाळीच्या सुट्टीतले पर्यटक धक्क्यावर खोळंबले होते.

“मिस्त्री, बसतोय न्हवं? मग बसवा की! का आता त्याची पूजा घालायची?”

मिस्त्रींनी न फुंकता बसवला.

त्या दिवसापासून काटा उशिरा उठायला लागला.

आधी कळलं फक्त त्यांनाच. इंजिन चालू केलं की काटा पूर्वी डोळ्याची पापणी लवायच्या आत उभा राहायचा. आता तो निजून राहायचा आणि इंजिन आतून खडखड करायचं, डब्यात खडे घातल्यासारखं. मग हळूहळू उठायचा. मिस्त्री ओठातल्या ओठात आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी पाच. मग सहा. चार दिवसांनी आठ.

“उठतोय की मिस्त्री,” मी म्हटलं. “चालू झाल्यावर तर ताठ असतोय.”

“उठतोय. पर तवर आत कोरडं फिरतंय. माणूस रोज पडून उठला तर तू म्हनशील का, उठतोय की?”

म्हणून त्यांनी धक्क्याला लागल्यावर इंजिन बंद करणंच सोडलं. माणसं चढेपर्यंत, उतरेपर्यंत लाँच उगाच धडधडत उभी. वीरधवलदादा ओरडले, “डिझेल काय डोंगरातनं झिरपतंय का?” मिस्त्री काट्यावरची नजर न काढता म्हणाले, “बंद केलं की परत चालू करावं लागतंय.” पण रात्री तर बंद करावंच लागायचं, आणि पहाटे चालू करताना आकडा वाढत होता.

ह्यात काळजी कुणाची, ते सांगतो. मनुबाईंची.

मनुबाई आमच्या वाडीतली सत्तरीची बाई. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सून पूजा तिला साताऱ्याला रक्त धुवायला नेते. सहाला आमची लाँच, पलीकडं बामणोली, तिथून जीप, कासच्या पठारावरून सातारा. मागच्या डोंगरातून एक कच्चा रस्ता आहे, तो त्या पावसात दोन ठिकाणी वाहून गेला होता. म्हणजे लाँच हाच रस्ता. एक वार चुकला तर तिचं अंग सुजतं, दम लागतो. दोन वार चुकले तर डॉक्टरांनी काय सांगितलंय ते पूजा कुणाला सांगत नाही.

मंगळवारी पहाटे मनुबाई फळीवर येऊन बसली, पदर कानावरून घेतला, आणि मिस्त्रींनी इंजिन चालू केलं. खडखडाट झाला. मीही मोजत होतो. आठ झाले. नऊ. काटा पडलेलाच. दहा. मिस्त्रींचा हात बंद करायच्या दांडीवर गेला. अकराला काटा हलला.

मनुबाई म्हणाली, “आका, आज तुझं इंजिन माझ्यावानी खोकतंय रं.”

मिस्त्री हसले नाहीत. संध्याकाळी सगळे उतरल्यावर त्यांनी तासगावचा फिल्टर काढला, भोकांना तोंड लावून फुंकलं. हवा गेली. मग ओढलं. हवा आली. जशी गेली तशीच आली.

जुना फिल्टर त्यांनी बदलल्या दिवशीच करवतीनं कापून ठेवला होता. ते नेहमीच कापायचे आणि आतला घडीचा कागद उलगडून लोखंडाचा कीस आहे का बघायचे, जोशी पंचांग बघतो तसं. त्या कापलेल्या झाकणाखाली रबराचा एक गोल पडदा होता. तो त्यांनी बोटानं उचलून मला दाखवला.

“ह्यो बघ. तेल आत जाताना ह्यो उघडतोय. इंजिन बंद झालं की मिटतोय, तेल माघारी पळू देत न्हाई. तासगावच्यात ह्यो न्हाईच. रातभर समदं तेल खाली उतरतंय आनि सकाळी फिल्टर रिकामा.”

मग बिरदेवला फोन लावला. फोन मोठ्या आवाजावर होता.

“मामा, उगं का माझ्या मालाला नावं ठिवताय? तासगावच्या अख्ख्या द्राक्षबागेत ह्योच फिल्टर हाय.”

“आसंल. तुझ्या ट्रॅक्टरला फिल्टर उभा हाय, तोंड वर करून. त्यातलं तेल कुठं जानार? आमच्या लाँचीत जागा न्हाई म्हनून इंजिनाच्या कुशीला आडवा निजवलाय. आडव्या तांब्यात पानी ऱ्हातंय का?”

“मग बसवताना फुकून का न्हाई बघितलं? लहानपनी मला शिकवत हुता की.”

मिस्त्रींनी तासगावचा फिल्टर फळीवर ठेवला. पाण्यावरून एक टिटवी ओरडत गेली. “चुकलं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

तिथंच त्यांनी धक्क्यावर उभ्या असलेल्या वीरधवलदादांना सांगून टाकलं, “लाँच आता हलनार न्हाई. शुक्रवारी सकाळी हलंल. फिल्टर मिळाला तर.”

“आणि न्हाई मिळाला तर?”

पूजा सासूला दम खायला टेकवून धक्क्यावरच उभी होती. तिनं ऐकलं, आणि सासूला ऐकू जाऊ नये म्हणून तिला घेऊन चढण चढू लागली.

बुधवारी पहाटे मासे मारणाऱ्याच्या होडीतून मी आणि मिस्त्री पलीकडं गेलो. त्या डुलत्या होडीत दोघं कशीबशी मावतात, मनुबाईसारख्या आजारी माणसाचं ते काम नव्हे. मिस्त्री होडीच्या मधोमध डोळे मिटून बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत कापलेला जुना फिल्टर, एक सुतळी. सुतळीला त्यांनी दोन गाठी मारल्या होत्या. एका गाठीपर्यंत फिल्टरची लांबी. दुसरी गाठ म्हणजे इंजिनापासून लाँचीच्या लाकडी फासळीपर्यंतचं अंतर. दोन गाठींत दोन बोटं जागा.

साताऱ्यात चार दुकानं फिरलो. सगळीकडं एकच, “नंबर सांगा.” एकानं तर चिंधी बघून विचारलं, “हे काय, कुंकू पुसलेलं?” मी मान खाली घातली. दुपारच्या एसटीनं सांगली गाठली, मिस्त्रींच्या भावकीतल्या एका घरी मुक्काम केला. रात्री त्यांना झोप नव्हती. कूस बदलायचे आणि दर वेळी उशाशी पिशवी आहे का चाचपायचे.

गुरुवारी सकाळी कुपवाडला गेलो. त्यांचं वर्कशॉप होतं तिथं आता पत्र्याचं गोदाम आहे. मिस्त्री फाटकापाशी एक क्षण थांबले, आत बघितलं नाही, पुढं चालू लागले. कामगारांच्या मोटरसायकलींची रांग आमच्या अंगावरून जात होती. एकीवरचा पिकल्या मिशांचा माणूस ओरडला, “आका! काटा काय म्हणतोय?” मिस्त्रींनी नुसता हात केला.

दोन गल्ल्या सोडून शिवांजलीचं दुकान. तिच्या वडिलांचं होतं, आता ती चालवते. चाळिशीची, चष्मा डोक्यावर, हाताला ग्रीस. तिनं कापलेलं झाकण उलटंपालटं करून बघितलं.

“काका, हा नंबर तर बंद झाला असणार. पण जुळणारे बघू.”

तिनं तीन डबे टेबलावर मांडले. मिस्त्रींनी पहिला उचलला, तोंडाला लावला. फुंकलं, ओढलं. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघत राहिली. शिवांजली म्हणाली, “काका, पावा नाही तो. सूर लागेना का?”

“सूर लागतोय. ह्यो वडला की मिटतोय.” मग त्यांनी झाकणावर झाकण ठेवलं. त्याचं रबरी वायसर जुन्यापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढं मोठं होतं. “ह्यो बसंल, पर कडंला तेल सोडंल.” बाजूला.

दुसरा फुंकला. मिटत होता. वायसर बरोबर, आटे बरोबर. माझा जीव भांड्यात पडला. मिस्त्रींनी सुतळी लावली. फिल्टर दुसऱ्या गाठीच्या पुढं बोटभर गेला.

“मोठा आहे ते चांगलंच की,” शिवांजली म्हणाली. “आत कागद जास्त. तेल साफ राहील.”

“फासळीला टेकंल. लाटंनं लाँच हादरली की डबा फासळीवर घासंल. म्हैन्याभरात भोक. मग तर समदं तेलच भाईर.”

तिसरा आखूड होता, डालड्याच्या लहान डब्याएवढा. आटे जुळले. वायसर जुळलं. सुतळीत चार बोटं जागा उरली. मिस्त्रींनी फुंकलं. मग ओढलं, आणि तसेच थांबले. पुन्हा ओढलं. त्यांच्या कपाळाला आठ्या.

“थोडी येतीया.”

“काय येतीया?” मी विचारलं.

“हवा. पडदा पुरा मिटत न्हाई.”

शिवांजलीनं डबा घेऊन खालची तारीख बघितली. “काका, जुना माल आहे. रबर कडक झालं असेल.” ती आत गेली. आतून खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. मिस्त्री उभेच होते. दुकानाच्या घड्याळात साडेनऊ. साताऱ्याची दहाची एसटी चुकली तर बामणोलीला पोहोचेपर्यंत अंधार, आणि अंधारात होडीवाला येत नाही. मी म्हटलं, “मिस्त्री, थोडीच येतीया नव्हं? चालून जाईल.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “तानाजी, मागच्या येळी बी आसंच चालून गेलं.”

शिवांजली बाहेर आली, तोच फिल्टर, नवा डबा, अजून कागदात. “ह्या महिन्यात आलेला. एकच आहे.”

मिस्त्रींनी धोतराच्या सोग्यानं त्याचं तोंड पुसलं. फुंकलं. गेली. ओढलं, आणि त्यांचे गाल आत गेले, आत गेले आणि तसेच राहिले. हवा येईना. गाल तसेच आत ठेवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला हसू आलं आणि रडूही.

“पण आखूड आहे हो काका,” शिवांजली म्हणाली. “निम्माच कागद आहे. लवकर भरेल.”

“भरू दे. निम्म्या वक्तात बदलीन. तुमी म्हैन्याला एक धाडत जा. आनि बाई, नंबर एका कागदावर लिहून द्या. मोठ्या अक्षरात.” मग माझ्याकडं बोट करून, “आनि ह्याला सांगा, रंगवायचं न्हाई.”

दहाची एसटी मिळाली. दिवस मावळायच्या आत आम्ही वाडीला होतो. मिस्त्रींनी वायसरला तेलाचं बोट फिरवलं, आडवा धरून मावेल तेवढं तेल आत भरलं, हातानंच आवळला. इंजिन चालू केलं, काटा लगेच उभा राहिला. मी टाळी वाजवली. त्यांनी लगेच बंद केलं.

“ह्ये काय खरं न्हाई. आताच तेल भरलंय. खरं सकाळी. रातभर आडवा निजल्यावर.”

त्या रात्री ते घरी गेले का नाही मला ठाऊक नाही. शुक्रवारी पहाटे मी आलो तेव्हा ते सुकाणूपाशी होते, घोंगडी खांद्यावर. मनुबाई आली. तिचे पाय सुजले होते, मी आणि पूजानं दोन्हीकडून धरून चढवली. ती फळीवर बसली. वीरधवलदादा धक्क्यावर, आणखी दहा-बारा माणसं धक्क्यावर. पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता.

मिस्त्रींनी चावी फिरवली.

एक.

खडखड झाली नाही. इंजिन घुमलं, नुसतं घुमलं.

दोन. आणि काटा उभा.

मिस्त्रींनी बंद केलं. मनुबाई दचकली, “काय झालं रं?” त्यांनी पुन्हा चालू केलं. ह्या खेपेला एकसुद्धा मोजून झाला नाही. तरीही पूर्ण पाणी ओलांडेपर्यंत त्यांनी काट्यावरची नजर हलवली नाही, आणि मधोमध, जिथं देवळाचा कळस खाली आहे तिथं, त्यांचे ओठ हलत होते. मोजत होते की आणखी काही, मी विचारलं नाही.

बामणोलीच्या धक्क्याला लागलो. मी दोर टाकला. मिस्त्रींनी इंजिन बंद केलं.

कितीतरी दिवसांनी तो धक्का शांत झाला. लाकडावर पाणी आपटल्याचा आवाज येऊ लागला. आम्ही मनुबाईला जीपमध्ये बसवली. एरवी मिस्त्री ती साताऱ्याहून परत येईपर्यंत लाँचीवरून उतरत नसत. डबासुद्धा सुकाणूपाशी बसून खात. त्या दिवशी त्यांनी घोंगडी घडी करून फळीवर ठेवली, पायताण घातलं आणि खाली उतरले.

“कुठं निघाला?” मी विचारलं.

“च्या प्यायला. मग दाढी करतो. आट दिस झालं.”

जीपच्या खिडकीतून मनुबाईनं डोकं काढलं. “आका, काटा काय म्हणतोय?”

“निजलाय म्हातारे,” ते चालता चालता म्हणाले. “निजू दे.”

आणि ते चढणीनं वर निघाले, सावकाश, माळावरचा माणूस चालतो तसे पाय थोडे फाकवून. एकदाही मागं पाहिलं नाही. जीपवाल्यानं गाडी चालू केली होती, पण मनुबाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून थांबवलं. ती खिडकीतून बघत होती, मी हातात दोर धरून बघत होतो. न्हाव्याच्या दुकानाच्या वळणापाशी घोंगडीविना त्यांचा खांदा शेवटचा दिसला, मग नुसती वाट राहिली.